तीन सुताचं काडतूस

"मामा, तुझं अख्खं आयुष्य नट-बोल्टात गेलं ना? मग मला एक सांग," असं म्हणून कोलोरॅडोतल्या भाच्याने व्हिडिओ कॉलवर जो विषय काढला, तो ऐकून आमची ही चहा ठेवायला उठूनच गेली. पोरगा तिकडे अकरा वर्षं आहे. ऑफिसातल्या मंडळींबरोबर शिकारीला जायला लागलाय. परवाना काढून, ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या हद्दीत. त्याला एल्कसाठी रायफल घ्यायची होती. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ, मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. दुकानदाराने त्याच्यासमोर एका नव्याकोऱ्या काडतुसाची रायफल ठेवली होती. मधल्या जाडीची गोळी, धक्का कमी, मार जास्त, पाच वर्षांत बघ सगळे हेच वापरतील, वगैरे. भाच्याचा प्रश्न एवढाच: "हे चालेल का?"

उडेल का, असं त्याला विचारायचं नव्हतं. उडणारच. बाजारात टिकेल का, दहा वर्षांनी याची काडतुसं दुकानात मिळतील का, हे त्याला हवं होतं. आणि अशा प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बत्तीस वर्षं बोल्ट विकलेला माणूस देऊ शकतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी स्वतः बंदूक हातात धरली ती एकदाच, कॉलेजात एनसीसीमध्ये. पॉइंट टू-टू, पाच गोळ्या, त्यातल्या तीन फळीलाही लागल्या नाहीत. पुढचं सगळं वाचनातून. फोर्टात हॉर्नबिल हाऊसमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंड आहेत. संस्था १८८३ ची, आणि सुरुवातीच्या काळात तिच्या अंकांत लिहिणारे कितीतरी जण आधी शिकारी, मग निसर्गप्रेमी. वाघ, गवा, अस्वल यांच्याबद्दलच्या टिपणांत कुठली रायफल, किती वजनाची गोळी, यावर जी हमरीतुमरी चालते ती वाचताना मला आमच्या बाजारातली भांडणं आठवायची. माल वेगळा, वाद तोच.

आधी वस्तू समजून घेऊ. पेपरात "गोळी" आणि "काडतूस" हे शब्द एकमेकांच्या जागी टाकतात, पण त्या दोन गोष्टी आहेत. काडतूस म्हणजे चार वस्तूंचं पुडकं: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, टोपीने दारू पेटते, वायूचा दाब गोळीला नळीतून ढकलतो. पुंगळी मागे राहते, गोळी पुढे जाते. नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. पिळाचे आटे म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे सांगायला नकोच. या आट्यांकडे आपण परत येणार आहोत, कारण एका काडतुसाचा जीव नेमका त्यांच्यापायी गेला.

आता जाडी. आमच्या बाजारात अजूनही सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. सळई कागदावर बारा मिलिमीटरची असली तरी मिस्त्री तिला चार सुतीच म्हणणार. रायफलीच्या गोळीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात, म्हणून मी भाच्याला म्हटलं, थांब, आधी हे सुतात आणू दे. हरणासाठी सध्या गाजणारं ६.५ क्रीडमूर: गोळी .२६४ इंच, म्हणजे दोन सुतांहून जराशी जाड. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ या दोघांची गोळी .३०८ इंच, म्हणजे अडीच सूत. .३३८ ची गोळी पावणेतीनला किंचित कमी, .३५८ ची पावणेतीनच्या थोडी पुढे, जर्मनांची ९.३ मिलिमीटरची तीनला टेकलेली, आणि .३७५ बरोबर तीन सूत. त्यापुढे साडेतीनच्या वरचा माल हत्तीचा आणि रानरेड्याचा. इंग्रजीवाले ज्याला मीडियम बोअर म्हणतात तो हा पावणेतीन ते तीन सुतांचा पट्टा.

नावांवर मात्र भरवसा ठेवायचा नाही. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी लष्कराने ते काडतूस घेतलं ते वर्ष. .३५ व्हेलनची गोळी .३५ नसून .३५८. ९.३×६२ मधले बासष्ट म्हणजे पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. आणि गावाकडच्या बारा बोअरचा यातल्या कशाशीच संबंध नाही. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एक गोळा ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. आमच्याकडे नव्या पोऱ्यालाही आठवड्यात कळतं की बोल्ट जाडी, पीच (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आणि लांबी या तीन आकड्यांनी मागायचा. बंदूकवाल्यांना शंभर वर्षांत हे जमलेलं नाही.

मधल्या जाडीचं आकर्षण काय, ते आकड्यांत चटकन दिसतं. ६.५ क्रीडमूरची गोळी साधारण ९ ग्रॅमची, नळीतून सुटताना सेकंदाला ८२० मीटर, जोर सुमारे ३,१०० ज्यूल. .३०-०६ ची गोळी पावणेबारा ग्रॅम, वेग जवळपास तोच, जोर ३,९०० च्या आसपास. .३३८ विंचेस्टर मॅग्नमची १६ ग्रॅमची गोळी ५,३०० ज्यूलवर जाते आणि .३७५ एच अँड एचची साडेएकोणीस ग्रॅमची गोळी ५,७०० वर. म्हणजे हत्तीच्या रायफलीइतकं ओझं आणि लाथ न घेता, अस्वल किंवा एल्क आडवं पाडायला पुरेसा जोर. कागदावर हा सोन्याचा पट्टा आहे. म्हणूनच दर काही वर्षांनी कुठल्यातरी कंपनीला तिथे नवं दुकान थाटावंसं वाटतं.

आणि दर काही वर्षांनी ते दुकान बंद होतं. .३२५ डब्ल्यूएसएम २००५ साली आलं, .३३८ फेडरल २००६ साली, .३३८ आरसीएम २००८ साली. तिन्हींमागे मोठी नावं होती, तिन्ही चांगली होती. आज यांपैकी कशाचीही रायफल घेऊन बसलेला माणूस काडतुसाच्या डब्या जपून वापरतो.

यातलं .३३८ फेडरल मला फार शिकवून जातं. .३०८ ची पुंगळी घ्यायची, तिचं तोंड रुंदावून पावणेतीन सुताची गोळी बसवायची, झालं काडतूस. पुंगळीचं बूड तेच, लांबी तीच, त्यामुळे रायफल कंपनीला फक्त नळी बदलायची. उत्पादनाच्या दृष्टीने याहून शहाणपणाची कल्पना नाही. पण ग्राहकाने विचारलं, ".३०८ ने जे होत नाही ते याने काय होईल?" उत्तर होतं, "थोडं जास्त होईल." थोडं जास्त या दोन शब्दांवर माल खपत नाही. माझ्या शेठनी हे अनुभवाने शिकलं होतं. नव्वदच्या दशकात एका कंपनीच्या माणसाने त्यांना दहा मिलिमीटर जाडीचे, एकच्या पीचचे बोल्ट गळ्यात मारले. बाजारात दीडचा पीच चालतो. बारीक पीचचा बोल्ट घट्ट बसतो, थरथरीने सैल होत नाही, सगळं खरं. पण नट कुठून आणायचा? आटे पाडायचा टॅप कुठून आणायचा? चाळीस गोण्या आल्या. मी निवृत्त झालो तेव्हा त्यातल्या सतरा माळ्यावर होत्या.

काडतूस म्हणजे एकट्याने न विकला जाणारा बोल्ट. त्याला रायफल लागते, गोळ्या बनवणारा लागतो, रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्या छंदिष्टांसाठी साचे लागतात, आणि वाटेवरच्या आडगावात डबी ठेवणारा दुकानदार लागतो. यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत बसलेला. रायफलवाला म्हणतो, काडतुसं दिसू देत. काडतूसवाला म्हणतो, रायफली खपू देत. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक मागू दे, आणि गिऱ्हाईक म्हणतं, दुकानात दिसू दे. कारखान्याचं गणित तर आणखी निष्ठुर. एकाच यंत्रावर वर्षातले काही दिवस हे काडतूस, मग साचे बदलून दुसरं. २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने अमेरिकेत लोकांनी काडतुसांची दुकानं रिकामी केली, तेव्हा कारखान्यांनी यंत्रं लावली ती ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या आणि .२२३ सारख्या खपाऊ मालावर. कमी खपाची काडतुसं महिनोन्‌महिने फळीवर दिसली नाहीत. ज्याच्या घरी असली रायफल होती त्याने तेव्हा जो धडा घेतला तो तो नातवंडांना सांगेल. भर म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात फेडरल आणि रेमिंग्टन या दोन्ही नावांची काडतुसं बनवणारा उद्योग चेकोस्लोव्हाक ग्रुप या एकाच मालकाकडे गेला. एकाच घरात दोन भाऊ एकाच धंद्यात असले की बाप कमी कमावणाऱ्याला किती दिवस पोसतो, ते आपल्याला माहीत आहे.

आता आट्यांची गोष्ट. १९५५ साली अमेरिकेत दोन काडतुसं एकदमच आली, विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. गोळीची जाडी एकच, दोन सुतांच्या आत. विंचेस्टरने नळीचा पीळ असा ठेवला की १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची लांब गोळीही स्थिर जाईल. त्यामुळे तीच रायफल कोल्ह्यालाही चाले आणि हरणालाही. रेमिंग्टनला वाटलं, हे तर बारीक जनावरांचं काडतूस, आणि पीळ सैल ठेवला, बारा इंचात एक फेरा. लांब गोळी त्यात डगमगते असा बोभाटा झाला आणि तेवढ्यावर .२४४ बसलं ते बसलंच. १९६३ मध्ये पीळ नऊ इंचांवर आणून ‘६ एमएम रेमिंग्टन’ असं नवं नाव दिलं. पुंगळी तीच. पण तोवर .२४३ घरोघरी गेलं होतं, आणि ते अजून आहे. पिचच्या फरकाने माल मरतो हे नागदेवीत कोणीही सांगेल, पण शंभर वर्षं जुन्या कंपनीलाही ते उमगलं नव्हतं, याचं मला नवल वाटतं.

उलटं उदाहरण ६.५ क्रीडमूरचं. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये नेमबाजीच्या स्पर्धांसाठी ते काढलं. तशाच जाडीचं .२६० रेमिंग्टन दहा वर्षं आधीच बाजारात होतं, दोघांच्या जोरात फारसा फरक नाही. मग क्रीडमूर का जिंकलं? पीळ पहिल्यापासून आठ इंचांचा, लांब सडपातळ गोळ्यांसाठी पुंगळीची मापं मुद्दाम बेतलेली, कारखान्याचं तयार काडतूस स्पर्धेत लावण्याइतकं नेमकं, आणि घरी भरणाऱ्यांसाठी दारूचं प्रमाण थेट डबीवर छापलेलं. गुपित म्हणून काही ठेवलंच नाही. मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. क्रीडमूर ज्या पुंगळीपासून घडवलं ते .३० टीसी नावाचं शिकारी काडतूस त्याच सुमारास मोठ्या गाजावाजाने आलं होतं. आज .३० टीसी कोणाला आठवत नाही. आई गेली, लेक गाजली.

पण हे दोन सुतांचं. तीन सुताच्या पट्ट्यात गर्दी नसूनही दुकानं का बसतात? माझ्या वाचनातून मला जे कळलं ते असं की या पट्ट्याचा खरा शत्रू दुसरं काडतूस नाहीच. शत्रू आहे सुधारलेली गोळी.

जुन्या काळची गोळी म्हणजे शिशाचा गोळा आणि वर तांब्याचं पातळ कवच. वेगाने हाडावर आदळली की तिचे तुकडे व्हायचे, आत पोचायचं काहीच नाही. यावर उपाय एकच, गोळी जाड आणि जड घ्या, निम्मी फुटली तरी निम्मी पोचेल. तीन सुताची गरज इथून जन्मली. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकी माणूस कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. मूस म्हणजे एल्कपेक्षाही दांडगं जनावर, आणि ते चिखलात लोळून आलेलं. जवळून झाडलेल्या गोळ्या चिखलात आणि खांद्यात फुटून गेल्या, आत शिरेनात. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग भिंतीआड शाबूत राहून खोल जातो. १९४८ पासून ती गोळी विकायला आली. पुढे शिसं आणि कवच डाख दिल्यासारखं जोडलेल्या गोळ्या आल्या, मग १९८० च्या दशकाच्या शेवटी बार्न्सची संपूर्ण तांब्याची गोळी आली. परिणाम असा की जे काम आजोबांच्या काळात तीन सूत जाडी करायची ते आता अडीच सुताची नीट घडवलेली गोळी करते, आणि खांदा मोडत नाही. स्वीडनमध्ये मूससाठी कायद्याने जी किमान मर्यादा आहे ती ९ ग्रॅमची गोळी आणि १०० मीटरवर २,७०० ज्यूल, किंवा १० ग्रॅमची गोळी आणि २,००० ज्यूल. तिथे पिढ्यान्‌पिढ्या ६.५ मिलिमीटरच्या जुन्या लष्करी काडतुसाने मूस मारलेत. दोन सुतांनी!

म्हणजे खालून अडीच सुतवाले चढून आले. वरून .३७५ बसलेलंच आहे. मधला नवा बिचारा विरार फास्टमध्ये चढलेल्या बोरिवलीच्या प्रवाशासारखा, दोन्हीकडून लोक विचारतात, तुम्ही इथे कशाला चढलात?

गिऱ्हाईकांची संख्याही बघा. २०२२ च्या अमेरिकी सरकारी पाहणीत सोळा वर्षांवरचे शिकारी भरले १ कोटी ४४ लाख. आकडा मोठा वाटतो, पण त्यातल्या बहुतेकांचं लक्ष्य पांढऱ्या शेपटीचं हरीण, माणसाएवढ्या वजनाचं. त्याला दोन सूतही पुरतात. एल्कच्या मागे जाणारे थोडे, अलास्काच्या अस्वलांमागे जाणारे त्याहून थोडे, आणि त्यांच्याकडे १९५८ पासून .३३८ विंचेस्टर मॅग्नम आहे, अगदी आजोबांपासूनची. रायफल झिजत नाही, मोबाइलसारखी दर तीन वर्षांनी बदलत नाही. धक्क्याचंही तेच. भाच्याला दुकानदार म्हणाला होता, "धक्का कमी." रायफलचं वजन तेच असेल आणि पुढे जाणारी गोळी तेवढ्याच वेगाची पण जड असेल तर मागे येणारा धक्का जास्तच असणार, त्यात न्यूटन कोणाला सूट देत नाही. .३३८ मॅग्नमचा धक्का .३०८ च्या दीडपटीहून जास्त असतो. नवं काडतूस मॅग्नमपेक्षा कमी लाथ मारेल हे खरं, पण ते कमी जोर लावतं म्हणून.

इतकं सगळं विरुद्ध असताना तीन सूत जगतं कुठे? जिथे कायदा त्याला जगवतो तिथे. आणि हा धडा फार पूर्वीच शिकला गेला तो आपल्याच देशात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० जाडीच्या रायफलींवर बंदी घातली. त्या जाडीच्या लष्करी मार्टिनी रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, शिकारीचा दारूगोळा त्यांच्याकडे जाऊ नये ही भीती. त्या काळी इथला साहेबी शिकारी हा लंडनच्या बंदूकवाल्यांचा बडा गिऱ्हाईक. एका फर्मानाने त्यांची सगळ्यांत खपाची जाडी बाद झाली. त्यांनी काय करावं? १९०७ च्या सुमारास .४७०, .५००/४६५ अशी नवी काडतुसं बाजारात आली, ताकद जवळपास तीच, माप बंदीच्या जरा बाहेर. .४७० आजही आफ्रिकेत चालतं. ते जन्मलं कोणाच्या संशोधनातून नाही, कायद्यातून निसटण्यासाठी. पुढे लष्कराची .३०३ नागरिकांना वर्ज्य झाली म्हणून आपल्याकडे .३१५ रूढ झाली. ते मूळचं ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीचं काडतूस. रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरला बनते, काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीत. अडीच सुतांच्या जराशी वर, आणि जगात कुठेही न खपणारी ही जाडी इथे सहज टिकली, कारण दुसरी मिळतच नव्हती.

.३७५ चंही तसंच. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ते १९१२ साली काढलं. ते उत्तम आहेच, पण शंभर वर्षांनंतरही ते ढिम्म हलत नाही याचं एक मोठं कारण असं की आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत रानरेड्यासारख्या धोकादायक जनावरासाठी किमान जाडी .३७५ किंवा तिच्या आसपासच ठरवून दिलेली आहे. बरोबर तीन सूत. आफ्रिकेला जायचं स्वप्न बघणारा अमेरिकी सुतार किंवा दंतवैद्य आयुष्यात एक तीन सुती रायफल घेतो ती त्या एका सहलीसाठी. आणि घेताना ती .३७५ च घेतो, कारण विमान कंपन्या एका माणसाला ५ किलोच काडतुसं नेऊ देतात आणि ती पेटी दुसऱ्याच विमानतळावर गेली तर गावातल्या दुकानात मिळेल ते .३७५.

अलीकडचं उदाहरण आणखी मजेशीर. ओहायो, इंडियाना, आयोवा ही अमेरिकेतली बरीचशी सपाट राज्यं. लांब जाणारी गोळी कोणाच्या अंगणात पडेल म्हणून तिथे हरणासाठी रायफलला मज्जाव होता, चालायची ती मुख्यतः छऱ्याची बंदूक. ओहायोने २०१४ मध्ये सूट दिली: ज्याची पुंगळी सरळसोट आहे, बाटलीसारखी मानेशी निमुळती होत नाही, असं काडतूस चालेल. अशा काडतुसाची गोळी फार लांब जात नाही. बस्स. २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड आणलं, नियमाच्या शब्दांत मापून बसवलेलं, धक्का कमी, डबी स्वस्त. चांगलं खपलं. २०२३ मध्ये रेमिंग्टनचं .३६० बकहॅमर आलं, त्याच वाटेने. जाडी बघाल तर दोन्ही पावणेतीन सुतांच्या पुढेच! मधल्या जाडीचं या शतकातलं यशस्वी काडतूस म्हणजे जोराने सगळ्यांत लंगडं, पण नियमात बसणारं.

म्हणून भाच्याच्या दुकानातल्या नव्या काडतुसाबद्दल माझा पहिला प्रश्न होता, "कुठला नियम याच्या बाजूने आहे?" त्याने शोधलं. एकही नव्हता.

नव्या मालाला दोन दारं मात्र खरोखर उघडी दिसतात. पहिलं तांब्याचं. शिशाचे कण मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातात, विषबाधा होते. कॅलिफोर्नियातल्या काँडर गिधाडांपायी तिथे १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद. (आपल्याकडे गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गेली, तिकडे शिशाने. गिधाडाचा कोणी वाली नाही.) तांबं शिशाहून हलकं, घनता साधारण ९ विरुद्ध ११.३. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच जाडीची गोळी करायची तर ती लांब होणार, आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागणार. जुन्या रायफलींचे पीळ शिशाच्या हिशोबाने पाडलेले. इथे नव्याने बेतलेल्या काडतुसाला बोलायला जागा आहे. शिवाय जाडी वाढली की तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी पुन्हा आखूड होते, म्हणजे तीन सुताला थोडा फायदा.

दुसरं दार सायलेन्सरचं. नळीच्या तोंडावर आवाज दाबणारं वीतभर नळकांडं लावायचं तर मूळ नळी आखूड हवी, नाहीतर झाडीत ती बांबूसारखी अडकते. आखूड नळीत बारीक गोळीचा वेग फार घटतो. जाड गोळीच्या मागे वायूला जागा मोठी मिळते, तो लवकर पसरतो, त्यामुळे आखूड नळीतही तिचं तेवढं नुकसान होत नाही. अमेरिकेत सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा जुना कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. या लाटेवर तीन सुताचं एखादं काडतूस तरंगून जाईल असं मला वाटतं. पण भाच्यापुढची रायफल होती लांब नळीची, साध्या तोंडाची, म्हणजे सायलेन्सरचे आटेही नसलेली. ज्याने ती बनवली त्याला आपला माल कोण घेणार हे ठाऊक नव्हतं, असा माझा निकाल.

आपल्याकडे या बाजाराचा प्रश्नच नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार संपली, आणि २०१९ पासून एका परवान्यावर दोनच शस्त्रं. जुन्या वाड्यांतून अजून .३१८ वेस्टली रिचर्ड्ससारख्या सुंदर रायफली निघतात. पावणेतीन सुताच्या आतबाहेरचीच ती गोळी, एके काळी आफ्रिका-हिंदुस्थानात नावाजलेली. इंग्लंडच्या कायनॉकने १९६० च्या दशकात असल्या काडतुसांचं उत्पादन बंद केलं आणि त्या रायफली भिंतीवर गेल्या. लोखंड शाबूत, लाकूड शाबूत, घोडा अजून खटकन पडतो. घालायला काही नाही.

हे .३१८ चं मी भाच्याला सांगितलं आणि एक काम दिलं. तो दरवर्षी ज्या डोंगरात जातो त्या वाटेवरच्या शेवटच्या गावात दुकान आहे, आमिषाचे किडे, चॉकलेट, काडतुसं, सगळं एकत्र विकणारं. तिथे फोन करून नव्या काडतुसाच्या किती डब्या आहेत ते विचार म्हटलं.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. म्हातारी म्हणाली, नाव सांगा परत, स्पेलिंग काय? मग म्हणाली, मागवली तर दहा दिवसांत येईल, पैसे आधी. ".३०-०६ आहे का?" विचारलं तर म्हणाली, "वजन कुठलं हवं ते बोल."